घरखर्चाचा कल कसा अभ्यासावा : कोकणातल्या एका चुलीपासून देशोदेशींच्या आकड्यांपर्यंत

सरकारी पाहणीचे आकडे जाहीर झाले की 'भारतीयांचा खाण्यावरचा खर्च घटला' अशा अर्थाचा मथळा वर्तमानपत्रात येतो. गुहागर किंवा कुडाळ तालुक्यातल्या एखाद्या गृहिणीला तो मुळीच पटत नाही, कारण तिचे वाणसामानाचे बिल दर वर्षी वाढतच गेलेले असते. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. घटला तो एकूण खर्चातला खाण्याचा हिस्सा, आणि वाढली ती रक्कम. घरखर्चाच्या अभ्यासातल्या बहुतेक चुका या एका गल्लतीतून निघतात. त्या टाळून एका घराचा, एका वाडीचा किंवा एका तालुक्याचा खर्च कालांतराने कसा बदलला हे पाहण्याची आणि त्याची इतर देशांशी तुलना करण्याची पद्धत या लेखात क्रमाने दिली आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक, बचत गटांचे काम पाहणारे कार्यकर्ते आणि स्वतःच्या घराचा हिशेब नीट ठेवू इच्छिणारे यांना ती वापरता येईल. त्रैराशिकापलीकडचे गणित तीत लागत नाही.

पायरी १ : 'घर' कोणते ते आधी ठरवा

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (पुढे 'भारतीय पाहणी' म्हटले आहे ती हीच) सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब मानले जाते. थोडक्यात, चूल एक तर घर एक. कोकणात ही व्याख्या लावताना थोडे थांबावे लागते. मुंबईत नोकरी करणारा थोरला मुलगा गावच्या घराचा खर्च चालवत असतो, पण त्या चुलीवर तो वर्षातले मोजकेच दिवस जेवतो. त्याला गावच्या कुटुंबात धरू नये; मात्र त्याने पाठवलेल्या पैशातून गावात जो खर्च होतो, तो गावच्या घराचाच खर्च म्हणून लिहावा. यामुळे अनेक घरांचा खर्च त्यांच्या स्थानिक उत्पन्नापेक्षा जास्त दिसेल. तो हिशेबातला दोष नव्हे. पूर्वी मनीऑर्डरीवर आणि आता खात्यात जमा होणाऱ्या पैशावर चालणाऱ्या प्रदेशाचे ते खरे चित्र आहे.

माणसे किती, हेही दर वर्षी नोंदवावे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. सात माणसांचे घर चारांचे झाले तर एकूण खर्च कमी होऊनही माणशी खर्च वाढू शकतो. परदेशी आकड्यांशी तुलना करताना हा मुद्दा अधिकच अडतो. भारताची पाहणी दरडोई मासिक खर्च सांगते, अमेरिकेची पाहणी एका कुटुंबाचा वार्षिक खर्च सांगते, तर जपानचे सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे दोन किंवा अधिक माणसांच्या घरांचे असतात, म्हणजे एकट्या राहणाऱ्यांना त्यात जागाच नसते. हे तिन्ही आकडे एकाच कोष्टकात मांडताना एकक कोणते, ते प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिहावे.

पायरी २ : खर्चाची सदरे आणि स्मरणाचा काळ

सदरे स्वतः शोधून काढण्याचा खटाटोप करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९९९ च्या वर्गीकरणात घरखर्चाचे बारा विभाग आहेत आणि २०१८ च्या सुधारित वर्गीकरणात तेरा आहेत. अन्न, मद्य-तंबाखू, कपडे-पादत्राणे, घर-पाणी-इंधन, घरातील साहित्य, आरोग्य, वाहतूक, संपर्क, करमणूक, शिक्षण, उपाहारगृहे हे त्यांतले मुख्य होत. आपल्या वहीत याच सदरांखाली नोंदी केल्या तर पुढे कोणत्याही देशाच्या कोष्टकाशी ताडून पाहता येतात. एक फरक मात्र आधीच लक्षात ठेवावा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हॉटेलातले खाणे 'उपाहारगृहे' या वेगळ्या विभागात जाते, तर भारतीय पाहणी बाहेरचा चहा, वडापाव आणि तयार जेवण 'पेये, प्रक्रिया केलेले पदार्थ' म्हणून अन्नातच धरते. भारताच्या अन्नखर्चाचा हिस्सा युरोपच्या तुलनेत मोठा दिसण्यामागे हे एक छोटे, पण खरे कारण आहे.

खर्च विचारताना काळ कोणता धरावा, हेही ठरलेले आहे. भारतीय पाहणीत भाजी, फळे, मासळी, अंडी, खाद्यतेल, मसाले यांचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारतात. कपडे, शिक्षण, रुग्णालयातला खर्च आणि टिकाऊ वस्तू यांचा गेल्या ३६५ दिवसांचा. आणि उरलेल्या बहुतेक बाबींचा ३० दिवसांचा. वर्षापूर्वीच्या शस्त्रक्रियेचे बिल माणसाच्या लक्षात राहते, महिन्यापूर्वीची कोथिंबीर राहत नाही, म्हणून ही विभागणी. पाहणीच्या पूर्वीच्या फेऱ्यांत हा काळ वेगळा होता, त्यामुळे दोन फेऱ्यांचे आकडे जोडण्याआधी दोन्हींत एकच पद्धत वापरली आहे का, हे तपासावे.

जुन्या वर्षांची माहिती घरातच विखुरलेली सापडते : वाण्याकडची उधारीची वही, वीजबिले, गॅसची पुस्तिका, शाळेच्या फीच्या पावत्या, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिलेले दुधाचे लिटर. अलीकडच्या वर्षांसाठी मोबाइलवरून केलेल्या व्यवहारांची यादी मिळते, पण आठवडा बाजारात रोखीने केलेली खरेदी तिच्यात नसते. म्हणून केवळ त्या यादीवर विसंबल्यास रिचार्ज फुगतो आणि भाजी नाहीशी होते.

पायरी ३ : जे विकत घेतले नाही, त्याचे काय?

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच बहुतेक जण वगळतात. गुहागरकडच्या एखाद्या वाडीतले पाच माणसांचे घर उदाहरणादाखल घेऊ. पुढचे आकडे केवळ रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. महिन्याला वाणसामान ४,५०० रुपये, मासळी-अंडी-मटण २,०००, दूध-भाजी-फळे २,००० आणि बाहेरचा चहा-नाश्ता ५००; म्हणजे अन्नावर रोख ९,०००. याखेरीज गॅस व वीज १,८००, पेट्रोल, एसटी व रिक्षा २,५००, मोबाइल व टीव्ही १,२००, औषधे १,५००, शिक्षण २,५००, कपडे १,०००, टिकाऊ वस्तू १,५००, गणपती-शिमगा व लग्नकार्ये २,०००, किरकोळ दुरुस्ती व इतर १,०००. म्हणजे अन्नेतर १५,०००. एकूण २४,००० रुपयांत अन्नाचा हिस्सा ३७.५ टक्के आला. शहरातल्यासारखा आकडा पाहून हे घर सुखवस्तू आहे, असा निष्कर्ष कोणीही काढील.

पण या घराचे तांदूळ स्वतःच्या शेतातले आहेत, नारळ आगरातले, आमसुले घरच्या रातांब्यांची, पडवळ आणि भेंडी परसातली. ही निपज स्थानिक भावाने, म्हणजे शेतकऱ्याला आपल्या दारात जो भाव मिळाला असता त्या भावाने, मोजावी. भारतीय पाहणीतही घरच्या निपजेला असाच भाव लावतात. समजा ती महिन्याला ३,५०० रुपयांची भरली. आता अन्न १२,५०० आणि एकूण खर्च २७,५०० झाला, आणि हिस्सा ४५.५ टक्क्यांवर गेला. घर तेच आहे आणि ताटातले जेवणही तेच आहे.

आता तिसरी गोष्ट. हे घर स्वतःच्या मालकीचे असल्याने भाडे नाही. ब्रिटनच्या पाहणीतल्या सदरांत किंवा भारताच्या उपभोग खर्चाच्या पाहणीत स्वतःच्या घराचे कल्पित भाडे धरत नाहीत. पण चीनने २०१३ पासूनच्या आपल्या एकत्रित पाहणीत असे मानीव भाडे खर्चात धरायला सुरुवात केली, आणि बहुतेक देशांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही ते असते. आपल्या उदाहरणात महिन्याला ३,५०० रुपये मानीव भाडे मिळवले, तर एकूण ३१,००० होतात आणि अन्नाचा हिस्सा ४०.३ टक्के उरतो. म्हणजे एकाच महिन्याच्या एकाच घरखर्चातून ३७.५, ४५.५ आणि ४०.३ अशी तीन उत्तरे निघतात आणि आपापल्या व्याख्येनुसार तिन्ही बरोबर आहेत. दोन देशांमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक दिसला की 'संस्कृतीतला फरक' शोधायला निघण्याआधी हे उदाहरण आठवावे.

रेशनवर मोफत मिळणाऱ्या धान्यालाही हाच नियम लागू आहे. २०२२–२३ च्या पाहणीत याची सोय केलेली आहे : मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य न धरता ग्रामीण दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये आणि ते धरून ३,८६० रुपये, असे दोन्ही आकडे दिले आहेत. यांतला कोणता घेतला, ते सांगावे आणि सर्व वर्षांसाठी एकच घ्यावा.

पायरी ४ : पूर्ण वर्ष मोजा, आणि सण कुठे पडला ते पाहा

कोकणात एका महिन्याच्या खर्चावरून वर्षाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. मे महिन्यात आगोटीची बेगमी होते. तांदूळ, मीठ, मिरची, सुके बोंबील, जवळा, खारे बांगडे असे चार महिन्यांचे सामान एकदम भरले जाते, घर शाकारले जाते, आणि त्याच सुमारास आंब्या-काजूचे पैसेही हातात असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताजी मासळी कमी आणि महाग होते. मग गणपती येतात. मुंबईची माणसे घरी येतात आणि पाहुण्यांचे जेवण पाहणीच्या नियमाने यजमान घराच्याच खात्यावर पडते.

यात आणखी एक गुंता आहे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन्ही वर्षांच्या ऑगस्टची तुलना केली तर घरखर्चाने अचानक उसळी घेतल्याचे दिसेल, आणि सप्टेंबरची केली तर तो कोसळल्याचे. चीनमध्येही अशीच अडचण आहे, कारण तिथले नववर्ष कधी जानेवारीत तर कधी फेब्रुवारीत येते. म्हणून तिथले सांख्यिकी कार्यालय किरकोळ विक्रीसारखे आकडे या दोन महिन्यांचे मिळून देते. आपणही ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र धरावेत, नाहीतर सरळ बारा महिन्यांचीच बेरीज घ्यावी.

आपत्तीची वर्षे आधार म्हणून घेऊ नयेत. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर यांनंतर घराघरांत पत्रे, फ्रिज, गाद्या, दुचाकीची इंजिने यांवर झालेला खर्च ही हौसही नव्हती आणि समृद्धीही नव्हती. त्या वर्षांतला टिकाऊ वस्तूंचा वाढलेला हिस्सा प्रगती म्हणून मांडलेला मी पाहिला आहे. तो वाचून हसावे की रडावे कळत नाही.

पायरी ५ : महागाई वजा करा

२०११–१२ मध्ये भारताचा ग्रामीण दरडोई मासिक खर्च १,४३० रुपये होता, तो २०२२–२३ मध्ये ३,७७३ झाला. म्हणजे अडीच पटीहून अधिक. पण २०११–१२ च्या किमतींत मोजला तर तो २,००८ रुपयेच भरतो, म्हणजे खरी वाढ सुमारे ४० टक्के. आपल्या वहीतल्या जुन्या रकमांना ग्राहक किंमत निर्देशांकाच्या गुणोत्तराने (चालू वर्षाचा निर्देशांक भागिले जुन्या वर्षाचा) गुणून त्या चालू किमतींत आणाव्यात, आणि जमल्यास अन्न, इंधन, आरोग्य यांचे वेगवेगळे निर्देशांक वापरावेत, कारण सगळ्यांचे भाव एका वेगाने चढत नाहीत. दोन देशांच्या रकमांची तुलना बँकेच्या विनिमय दराने कधीच करू नये. त्यासाठी जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमातून मिळणारे क्रयशक्ती समतेचे दर, म्हणजे त्याच वस्तू घ्यायला प्रत्येक देशात किती चलन लागते ते सांगणारे दर, वापरावेत. टक्केवारीतल्या हिश्श्यांची तुलना करायची असेल तर चलन बदलण्याची गरजच पडत नाही. नवख्या अभ्यासकाने तिथूनच सुरुवात करावी.

पायरी ६ : आता देशोदेशींच्या आकड्यांकडे

या विषयातला सर्वांत जुना आणि अजूनही टिकून असलेला नियम सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या हिशेबांवरून मांडला : कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. अमेरिकेत १९०१ मध्ये पाहणी झालेली कुटुंबे ४२.५ टक्के खर्च अन्नावर आणि १४ टक्के कपड्यांवर करीत. २००२–०३ मध्ये हे हिस्से १३.१ आणि ४.२ टक्के झाले आणि घराचा हिस्सा २३.३ वरून ३२.८ वर चढला. ब्रिटनमध्ये १९५७ साली अन्नाचा हिस्सा ३३ टक्के होता, तो २०१७ मध्ये १६ टक्के झाला. उलट घराचा ९ वरून १८ वर गेला. चीनमध्ये १९७८ साली खेड्यांत ६७.७ आणि शहरांत ५७.५ टक्के खर्च अन्नावर होत असे; २०१९ मध्ये देशाचा मिळून आकडा २८.२ होता. चीनच्या या घसरणीतला काही भाग मानीव भाडे मिळवल्यामुळे आलेला आहे, हे तिसरी पायरी नीट वाचलेल्याच्या लगेच ध्यानात येईल.

भारतात ग्रामीण अन्नहिस्सा १९७२–७३ मध्ये ७२.९ टक्के, १९९९–२००० मध्ये ५९.४, २०११–१२ मध्ये ५२.९ आणि २०२२–२३ मध्ये ४६.४ असा उतरत आला. शहरी हिस्सा याच क्रमाने ६४.५, ४८.१, ४२.६ आणि ३९.२ होता. मात्र खरी गोष्ट या बेरजेच्या आत आहे. ग्रामीण खर्चात एकट्या तृणधान्यांचा हिस्सा १९९९–२००० मध्ये २२ टक्क्यांच्या वर होता, तो २०२२–२३ मध्ये ४.९ टक्के उरला, आणि पेये व प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा ९.६ टक्के झाला. म्हणजे फरसाण, बिस्किटे, थंडपेये आणि बाहेरचे खाणे यांवर ग्रामीण भारत आता तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या जवळजवळ दुप्पट खर्च करतो. वाहतुकीचा हिस्साही २०११–१२ मधल्या ४.२ टक्क्यांवरून ७.६ वर गेला. ज्या वाडीतून तालुक्याच्या गावी जायला दिवसात मोजक्याच एसटी आहेत आणि प्रत्येक घरासमोर दुचाकी उभी आहे, तिथे याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या घराच्या आकड्यांशेजारी जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर जपून. राष्ट्रीय पाहणीचे घटक-पातळीवरील, म्हणजे एकेका घराचे (नावाशिवाय), आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात आणि त्यांत महाराष्ट्राचा 'किनारी' विभाग वेगळा दिलेला असतो. परंतु त्या विभागात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि मुंबईही आहेत. त्यातला शहरी आकडा हा मुख्यतः मुंबई-ठाण्याचा असतो. कोकणासाठी घ्यायचाच तर ग्रामीण आकडा घ्यावा, तोही एका जिल्ह्याचा म्हणून खपवू नये.

पायरी ७ : हिस्सा बदलला, पण का?

हिश्श्यातल्या बदलामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात : उत्पन्न, भाव, घरातल्या माणसांची वये, आणि ते बिल कोण भरतो हा प्रश्न. पहिल्या दोहोंचा विचार बहुतेक जण करतात, शेवटच्या दोहोंचा क्वचितच.

जपानचे उदाहरण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. तिथे अन्नाचा हिस्सा अनेक दशके घटत आला होता, तो नंतर उलटा फिरला आणि २०२४ मध्ये दोन किंवा अधिक माणसांच्या घरांसाठी २८.३ टक्क्यांवर पोहोचला. १९८१ नंतरची ही सर्वोच्च पातळी. जपान काही पुन्हा १९८१ इतका गरीब झालेला नाही. येनची किंमत घसरल्याने आयात अन्न महागले आणि त्या प्रमाणात उत्पन्न वाढले नाही, हे एक कारण. दुसरे असे की वृद्धांच्या घरात शिक्षण, कपडे, कामावर जाण्यायेण्याचा प्रवास हे खर्च आपोआप गळतात आणि खाणे मात्र उरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांत आज दोन म्हातारी माणसे आणि कुलूपबंद शेजारघरे अशीच स्थिती आहे. अशा घरात अन्न आणि औषधे यांचा हिस्सा मोठा आला, तर एंगेलचा नियम यंत्रासारखा लावून त्यांना गरीब ठरवू नये. त्यांची तुलना तशाच वयाच्या माणसांच्या दुसऱ्या घराशी करावी.

बिल कोण भरतो, हा प्रश्न आरोग्य आणि शिक्षण या सदरांत कळीचा ठरतो. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा करांतून चालते, त्यामुळे तिथल्या घरखर्चात आरोग्याचा हिस्सा अगदी लहान दिसतो, आणि म्हणून ब्रिटिश माणूस आजारी पडत नाही असे कोणी म्हणत नाही. दक्षिण कोरियात शाळा सार्वजनिक असूनही खासगी शिकवण्यांवर पालक मोठा खर्च करतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुलाला काढून बसने जावे लागणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले की शिक्षणाबरोबर वाहतुकीचे सदरही फुगते. हे दोन्ही बदल एकाच निर्णयाचे आहेत, हे कोष्टकाच्या तळाशी लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार नाही.

पायरी ८ : निष्कर्ष लिहिण्यापूर्वी रक्कम, हिस्सा आणि परिमाण ताडून पाहा

अमेरिकेत कपड्यांचा हिस्सा १४ वरून ४.२ टक्क्यांवर आला, तरी माणसांनी कपडे घेणे कमी केलेले नाही. उत्पन्नाच्या मानाने कपडे स्वस्त झाले. भारतातल्या तृणधान्यांचे तसे नाही. तिथे हिस्सा घटलाच, शिवाय ग्रामीण भागातले दरडोई मासिक सेवनही २०११–१२ मधल्या सुमारे ११.२ किलोंवरून २०२२–२३ मध्ये सुमारे ९.६ किलोंवर आले. पहिल्या बाबतीत भाव बोलतो आहे, दुसरीत आहार. केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही, म्हणून निदान चार-पाच मुख्य वस्तूंसाठी रकमेशेजारी परिमाणाचा रकाना हवाच.

कोकणात हा रकाना भरणे सर्वांत अवघड जाते ते मासळीच्या बाबतीत. सुरमई वजनावर मिळते, पण दारावर येणारी कोळीण बांगडे, मांदेली, मुडदुशे वाट्यावर देते आणि वाट्याचा आकार मोसमाप्रमाणे, भरतीप्रमाणे आणि घासाघीस किती झाली त्याप्रमाणे बदलतो. वहीत 'मासळी १०० रुपये' एवढेच राहते. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक मोसमात एकदोनदा घरी आणलेला वाटा स्वयंपाकघरातल्या काट्यावर, साफ करण्याआधी, तोलावा आणि त्यावरून त्या मोसमापुरता शंभर रुपयांना किती ग्रॅम याचा दर ठरवावा. असा दर नसताना मासळीवरचा हिस्सा वाढलेला दिसला, तर घरात मासळी जास्त शिजू लागली की ती नुसतीच महागली, हे ठरवता येत नाही. अशा वेळी कोष्टकात त्या ओळीपुढे 'परिमाण उपलब्ध नाही' असे लिहावे आणि निष्कर्षांच्या यादीतून ती ओळ वगळावी.